माईक कुणाचा?

रवी जाधव यांचा 'बँजो' (२०१६) आणि झोया अख्तर यांचा 'गली बॉय' (२०१९) एकामागोमाग पाहिले तर एक साम्य डोळ्यात भरतं. दोन्हींत मुंबईच्या वस्तीतला एक पोरगा आहे. पहिला बेंजो वाजवतो आणि ते लपवतो, कारण बेंजोवाल्याला कुणी इज्जत देत नाही. दुसरा वहीत रॅप लिहितो आणि घरच्यांपासून लपवतो. मग अमेरिकेहून एक मुलगी येते. 'बँजो'त न्यूयॉर्कची ख्रिस, 'गली बॉय'मध्ये बर्कली कॉलेजात संगीत शिकणारी स्काय. ती ऐकते, तिला कळतं, ती रेकॉर्ड करते. आपल्यात काहीतरी आहे हे पोराला तेव्हा कुठे पटतं. दोन्ही गोष्टींत एक स्पर्धाही आहे. 'गली बॉय'च्या शेवटी मुराद ती जिंकतो आणि नाससारख्या रॅपरच्या आधी स्टेजवर जाण्याचा मान मिळवतो.

दोन वेगळे दिग्दर्शक, दोन वेगळी संगीतं, पण दरवाजा एकच. वस्तीबाहेरचा एक शिकलेला कान येऊन 'हो, हे संगीत आहे' असं म्हणेपर्यंत ते संगीत नसतंच. मिरवणुकीत त्या बेंजोवर नाचणारे हजारो लोक, त्यांचे कान, त्यांची दाद या हिशेबात धरलेली नाही.

मला 'गली बॉय' आवडतो. पण गेल्या काही वर्षांत तो सिनेमा न राहता फॉर्म झालाय. कुठलाही नवा मराठी किंवा हिंदी रॅपर घ्या, त्याची मुलाखत, त्याचं इन्स्टाग्राम, त्याची गाणीसुद्धा त्याच फॉर्मचे रकाने भरतात : छोटं घर, वही, चेष्टा, संघर्ष, मग कुणीतरी मोठ्याने ऐकलं, मग स्टेज. मला वाटतं, हा फॉर्म गाण्याचं नुकसान करतोय. कारण गाणाऱ्याच्या हातात माईक कुणी दिला, यावर तो पुढे कुणाशी बोलणार हे बरंचसं ठरतं. हे समजून घ्यायला रॅपच्या थोडं मागे, रेगेच्या गल्लीत जावं लागतं.

किंग्स्टनचे स्पीकर

रॅपचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला, हे सगळ्यांना माहीत असतं. ११ ऑगस्ट १९७३ ची ती प्रसिद्ध पार्टी, सेजविक अव्हेन्यूवरच्या १५२० नंबरच्या इमारतीतली. सिंडी कॅम्पबेल या मुलीला शाळेच्या कपड्यांसाठी पैसे हवे होते, म्हणून तिने पार्टी ठेवली आणि रेकॉर्ड वाजवायला भावाला उभं केलं. तो भाऊ म्हणजे डीजे कूल हर्क. हर्क जमैकाचा. किंग्स्टनमध्ये जन्मला, १९६७ मध्ये बारा वर्षांचा असताना न्यूयॉर्कला आला. येताना किंग्स्टनच्या रस्त्यावरची एक आठवण त्याच्याबरोबर आली : साउंड सिस्टीम.

किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत लोकांना हॉटेलातला बँड परवडत नव्हता. म्हणून मोकळ्या अंगणात मोठमोठे स्पीकर रचायचे, रेकॉर्ड लावायच्या, दारू विकायची, तिकीट घ्यायचं. कॉक्सन डॉड आणि ड्यूक रीड हे त्यातले मोठे मालक. ड्यूक रीड आधी पोलिसात होता आणि त्याचं दारूचं दुकान होतं. म्हणजे ही काही समाजसेवा नव्हती, रोकडा धंदा होता. पण त्या धंद्यात एक जागा तयार झाली. दोन रेकॉर्डच्या मधे गर्दी थंड पडू नये म्हणून माईकवर बोलणारा एक माणूस लागायचा. तो यमकं जुळवायचा, कुणाची खेचायचा, बातमी सांगायचा. याला 'टोस्टिंग' म्हणत.

मग त्या जागेला एक तंत्र मिळालं. रेकॉर्डच्या मागच्या बाजूला गायकाचा आवाज काढून नुसता वाद्यांचा ट्रॅक छापायची पद्धत पडली. त्याला 'व्हर्जन' म्हणत. या कामातला सर्वात मोठा कारागीर किंग टबी. तो मुळात रेडिओ दुरुस्त करणारा, अॅम्प्लिफायर बांधणारा मेकॅनिक. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे या माणसाबद्दल मला जरा जास्तच जिव्हाळा आहे : वाद्य न वाजवता, नुसती यंत्रं उघडून-जोडून त्याने संगीताचा एक अख्खा प्रकार घडवला. त्याच्या साउंडवर माईक धरणारा यू-रॉय १९७० मध्ये जमैकाच्या चार्टवर सगळ्यात वर जाऊन बसला. त्याने केलं काय, तर जुन्या, सगळ्यांना पाठ असलेल्या गाण्यांच्या व्हर्जनवर स्वतःचं बोलणं चढवलं.

यू-रॉय हा 'सापडलेला' कलाकार नव्हता. कित्येक रात्री तो गर्दीसमोर उभा राहिला होता. बोलणं कंटाळवाणं झालं तर गर्दी शेजारच्या अंगणातल्या साउंडकडे जायची. परीक्षा रोज होती आणि परीक्षक समोर नाचत होते.

रेकॉर्डिंगच्या धंद्याची दुसरी बाजूही जमैकाने लपवली नाही. पेरी हेन्झेलच्या 'द हार्डर दे कम' (१९७२) या सिनेमात जिमी क्लिफने केलेला आयव्हन खेड्यातून किंग्स्टनला येतो. त्याला गायचंय. हिल्टन नावाचा निर्माता त्याचं गाणं रेकॉर्ड करतो आणि हातावर वीस डॉलर ठेवतो. आयव्हन नाही म्हणतो, रेकॉर्ड घेऊन स्वतः दारोदार फिरतो. पण ती कुणी वाजवत नाही, कारण सगळ्यांच्या दोऱ्या हिल्टनच्या हातात. शेवटी तो परत येऊन वीस डॉलर घेतो. पुढे तो गुन्हेगार होतो, पोलिस मागे लागतात, आणि मग ते गाणं गाजतं. आपल्या दोन सिनेमांतला दरवाजा इथेही आहे. फरक इतकाच की या सिनेमाने दरवाज्याचा भाव सांगितलाय आणि दारात उभ्या असलेल्या माणसाचा चेहराही दाखवलाय.

आपली 'व्हर्जन'

हे वाचून 'जमैकाचं ठीक आहे, आपल्याकडे कुठे असं' असं वाटत असेल तर वामनदादा कर्डक आठवावेत. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस मुंबईत कष्ट करायला आला. अक्षरओळख मोठेपणी झाली. १९४३ मध्ये त्यांनी पहिलं गाणं रचलं ते एका हिंदी सिनेगीताचं विडंबन. म्हणजे लोकांना पाठ असलेली चाल घेतली आणि तिच्यावर स्वतःचे शब्द चढवले. यू-रॉयच्या सत्तावीस वर्षं आधी, त्याच युक्तीने. भीमगीतांच्या अख्ख्या परंपरेत ही युक्ती दिसते. काही जाणकार तिला उसनवारी म्हणून नाक मुरडतात. त्यांच्या लक्षात येत नाही की चाल ओळखीची असली की ऐकणाऱ्याचं लक्ष थेट शब्दांवर जातं. वाद्यवृंद, स्टुडिओ, पैसा यातलं काहीच नसलेल्या माणसाला स्टेजवर चढायची ती सर्वात स्वस्त शिडी होती. आज एखादा पोरगा यूट्यूबवरची फुकट बीट उतरवून तिच्यावर रॅप करतो तेव्हा तो हीच शिडी वापरत असतो.

दुसरी वाट कलापथकाची. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. समोर गिरणी कामगार. आता पथकात शाहीर कसा तयार होतो हे पाहा. आधी कोरसमध्ये उभा राहतो, मग एखादी ओळ मिळते, मग डफ, मग एखादा दिवस अख्खा पोवाडा. त्याचा आवाज पथकाचा, विषय सभेचा. 'मी शाहीर कसा झालो' हा त्याच्या गाण्याचा विषय होऊच शकत नाही, कारण समोरच्या कामगाराला त्यात काय रस?

मला नेमका इथे फरक दिसतो.

परीक्षकांसमोरचा 'मी'

'गली बॉय'मध्ये एक प्रसंग फार खरा आहे. मुराद आपली कविता घेऊन एमसी शेरकडे जातो. त्याला वाटतं, आपण लिहावं आणि शेरने गावं. शेर ठाम नकार देतो आणि त्यालाच माईकपाशी ढकलतो. रॅपर असाच घडतो : कुणीतरी वस्तीतलाच, दोन पावलं पुढे असलेला, तुम्हाला हाताने पुढे करतो. मुंबईतले 'सायफर' असेच चालत. बागेत किंवा स्टेशनाजवळ पोरं गोल करून उभी राहतात, एकजण तोंडाने बीट देतो, बाकीचे आळीपाळीने व्हर्स टाकतात. कल्याणची डी एमसीसारखी मुलगी लोकल पकडून, मुलांच्या त्या गोलात शिरून रॅपर झाली. तिथे ऐकणारा आणि गाणारा यांच्यात स्टेजची उंची नसते, आणि पुढच्याच मिनिटाला ऐकणाऱ्याची पाळी येते.

पण सिनेमाला शेर पुरत नाही. शेर मागे राहतो, स्काय येते, स्पर्धा येते. ज्या क्षणी स्पर्धा येते त्या क्षणी गाणं वळतं. स्पर्धेतल्या गाण्याला परीक्षकांना पटवायचं असतं की जिंकायला मीच योग्य. मग सांगण्यासारखी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे माझी गोष्ट.

'गली बॉय' आला त्याच वर्षी 'एमटीव्ही हसल' सुरू झालं. त्यातून चांगली माणसं पुढे आली हे मान्य. २०२२ मध्ये सृष्टी तावडेने तिथे विनोद आणि उपरोध आणला तेव्हा मीही ते वीसेक वेळा पाहिलं असेल. पण एकंदर हिशेब मांडला तर त्या स्टेजने एका विषयाला प्रचंड भाव दिला : रॅपरचा स्वतःचा रॅपर होण्याचा प्रवास. रस्ताच गाण्याचा विषय झाला. मी कसा आलो, किती सोसलं, कोण हसलं, आता कसे गप्प आहेत. पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा येतो. चाळिसाव्या वेळी गाव बदलतं, आडनाव बदलतं, बाकी सगळं तेच.

टीव्हीची जागा आता फोनने घेतलीय, पण परीक्षक गेलेला नाही. तो फीडमध्ये बसलाय. अशा व्यवस्था काय मोजतात हे माझ्या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा : माणूस किती सेकंद थांबला, पुन्हा आला का, पुढे पाठवलं का. गल्लीतली गर्दी कंटाळली तर तोंडावर सांगते, आणि गाणारा पुढच्या कडव्यात सुधारतो. फीडमधला माणूस अंगठा वर सरकवतो आणि गाणाऱ्याला दुसऱ्या दिवशी फक्त एक आकडा दिसतो. आकड्याशी वाद घालता येत नाही, त्याला चिडवता येत नाही, त्याच्याकडून नवा शब्दही शिकता येत नाही.

'गली बॉय'च्या अल्बममधलंच एक उदाहरण द्यायला हवं. 'आझादी' हे गाणं. डब शर्माने २०१६ मध्ये जेएनयूतल्या घोषणांवर ट्रॅक केला होता. सिनेमात तो डिव्हाइनच्या आवाजासह आला, पण घोषणेतले राजकीय नेम गळून गेले. उरलं ते गरिबीबद्दलचं एक सर्वमान्य गाऱ्हाणं. घोषणा कुणाच्या तरी तोंडावर दिलेली असते, आणि इथे तो समोरचा माणूसच काढून टाकलाय.

आरेतलं एक गाणं

याच्या उलट उदाहरण म्हणून मला स्वदेसी या मुंबईच्या गटाचं 'द वारली रिव्होल्ट' (२०१९) महत्त्वाचं वाटतं. एमसी मवाली, १०० आरबीएच, एमसी तोडफोड, महार्या ही त्यातली नावं. गाण्यात त्यांच्याबरोबर आहेत प्रकाश भोईर, आरेच्या जंगलातल्या केलटीपाड्यावर राहणारे आदिवासी कलाकार आणि कार्यकर्ते.

या मुलांच्या वाटाही ठरलेल्या फॉर्ममध्ये बसत नाहीत. १०० आरबीएच अमरावतीचा, तोडफोड गुजरातीत रॅप करणारा. यातल्या काहींनी विवेक राजगोपालन या मृदंग वादकाबरोबर 'ता धोम' प्रकल्पात काम केलं. कर्नाटक संगीतातले तालाचे बोल, म्हणजे कोन्नक्कोल, तोंडात बसवले आणि त्यांच्या हिशेबात रॅप रचला. 'इंडिया ९१' हे 'गली बॉय'च्या अल्बममधलं गाणं त्याच मेहनतीतून आलंय. म्हणजे अल्बममध्ये ही मुलं आहेत, पण सिनेमाच्या गोष्टीत त्यांच्या या वाटेला जागा नाही. गुरूसमोर बसून मात्रा मोजणारा रॅपर पडद्यावर 'अस्सल' वाटला नसता बहुधा.

'द वारली रिव्होल्ट'मध्ये मला सर्वात जास्त भावते ती आवाजांची मांडणी. भोईरांचा आवाज तिथे गाण्याला मातीचा वास यावा म्हणून शिंपडलेला नाही. तो कणा आहे आणि रॅपर्स त्याच्याभोवती आहेत. जंगल ज्यांचं आहे त्यांच्या हातात माईक, आणि शहरातली मुलं कोरसमध्ये उभी राहायला तयार. कलापथकातला पोरगा जसा आधी कोरसमध्ये उभा राहायचा, तसंच. गाण्यात कुणीही स्वतःचा प्रवास सांगत नाही. बोलणं सरळ शहराशी आहे, मेट्रोच्या कारशेडशी आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आरेत रात्रीतून झाडं पाडायला सुरुवात झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत दोन हजारांवर झाडं पडली. गाणं झाडं वाचवू शकलं नाही. पण कारशेडचा विषय निघाला की मला आजही आधी तोच आवाज आठवतो.

एमसी तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, मार्च २०२२ मध्ये गेला. अवघ्या चोविसाव्या वर्षी. त्याच्या पिढीला मोठं होताना पाहायचं राहून गेलंय, ही खंत मला त्याचे व्हर्स ऐकताना दर वेळी होते.

रेगेच्या वाटेने हीच गोष्ट करणारा आणखी एक माणूस म्हणजे दिल्लीचा तरु दालमिया, स्टेजवरचं नाव दिल्ली सल्तनत. स्का व्हेन्जर्स या बँडमध्ये गाऊन झाल्यावर त्याने जमैकन धर्तीवर खास बांधलेली साउंड सिस्टीम उभी केली, बीएफआर साउंडसिस्टीम. विचार साधा आहे : दुसऱ्याच्या स्पीकरवर गेलात की दुसऱ्याच्या अटी येतात, म्हणून आधी स्पीकर बांधा. बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थमध्ये वाढलेला पंजाबी मुलगा स्टीव्हन कपूर, म्हणजे आपाची इंडियन, वेल्डिंगचं काम करता करता तिथल्या साउंड सिस्टीमवरूनच पुढे आला होता. पण दिल्लीतल्या प्रयोगाची एक मर्यादा मला टोचते. तो इंग्रजीत आणि जमैकन लहेज्यात बराच बोलतो. स्पीकर स्वतःचा असून भागत नाही, समोरच्याची भाषाही तोंडात असावी लागते. स्वदेसी इथे पुढे आहे.

स्टेजवर वाट पाहणारे

गल्लीशी बोलणाऱ्याचं पुढे काय होतं, हे दाखवणारा मराठी सिनेमा आहे चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (२०१४). वीरा साथीदार यांनी उभा केलेला नारायण कांबळे हा लोकशाहीर मुलांची शिकवणी संपवून बसने वस्तीत जातो, साध्याशा मांडवात स्टेजवर चढतो आणि गातो. त्याला 'शोधणारं' कुणी येत नाही. येतात ते पोलिस. आरोप असा की त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने आत्महत्या केली. जामिनावर सुटल्यावर तो काय करतो? पुन्हा स्टेजवर जातो. 'तो शाहीर कसा झाला' हे सिनेमा विचारत नाही, आणि ते योग्यच आहे. त्याला गाण्यावाचून दुसरं काही करता येईल असं आपल्याला एकदाही वाटत नाही. त्यातली गाणी संभाजी भगत यांची, म्हणजे शाहिरीचा जिवंत माणूसच त्या सिनेमाच्या कण्यात आहे.

हे पडद्यावरच घडतं असं नाही. कबीर कला मंचची शीतल साठे एप्रिल २०१३ मध्ये विधान भवनाबाहेर गाणं म्हणत पोलिसांसमोर हजर झाली, गरोदर असताना. आणि रॅपर्सबद्दल म्हणाल तर एप्रिल २०२३ आठवा. राज्यातल्या सत्तांतरावर रॅप केला म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेवर अंबरनाथला गुन्हा दाखल झाला. त्याच सुमारास मुंबईच्या उमेश खाडेवरही त्याच्या रॅपबद्दल गुन्हा नोंदवला गेला. दोघांची गाणी साधी होती. बीट फुकटातली वाटावी अशी, कॅमेरा फोनचा. कारागिरीच्या दृष्टीने मी त्यांना थोर म्हणणार नाही. पण त्यांत 'मी' जवळजवळ नव्हता. ती लोकांशी, लोकांबद्दल, लोकांच्या भाषेत बोलत होती, आणि म्हणून ती ज्यांना झोंबायची त्यांना झोंबली.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की आजच्या विशीतल्या मराठी रॅपरसमोरचा व्यवहार उघडा दिसतो. स्वतःचा संघर्ष सांगितलास तर टीव्ही आहे, ब्रँड आहे. शेजाऱ्याचा संघर्ष कुणाचं तरी नाव घेऊन सांगितलास तर पोलिस ठाणं आहे. अशात कुणी पहिली वाट धरली तर त्याला भित्रा म्हणायचा अधिकार मला नाही. पण समीक्षकांनी तरी पहिल्या वाटेलाच 'गल्लीचा आवाज' म्हणणं थांबवावं.

पनवेलची हळद

आता माझ्या गावाकडे येतो, कारण इथे वर मांडलेलं सगळं जरा अडचणीत येतं.

पनवेल-उरण पट्ट्यात साउंड सिस्टीम आहे. ती शोधायला किंग्स्टनला जायची गरज नाही. मे महिन्यात कुठल्याही आगरी-कोळी गावात हळदीच्या रात्री जा. बेंजो पार्टी आलेली असते : बेंजो, कीबोर्ड, पॅड, कच्छी ढोल, ताशा, आणि टेम्पोवर रचलेले स्पीकर. पार्टी सुपारी घेऊन येते. सामान उचलणारा पोरगा पुढच्या वर्षी ताशावर दिसतो, त्याच्या पुढच्या वर्षी माईकवर. गाणं पडलं तर बायका खुर्चीत बसतात, आणि गायकाला तिथल्या तिथे कळतं. यू-रॉयची शाळा ती हीच.

त्याच मांडवात, स्पीकर सुरू होण्याआधी, धवलारीण असते. आगरी लग्नाचे विधी तिच्या धवल्यांशिवाय पुरे होत नाहीत. ती म्हातारी बाई माईकविना गाते. जुन्या धवलारणींच्या मागे बसून, ओळ उचलत उचलत शिकलेली. घराण्याची नावं, देवांची नावं, कुणी काय द्यायचं, कुणी काय मागायचं, सगळं तिच्या गाण्यात. त्या रात्री तिचा शब्द मानला जातो. मात्र तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही, आणि ज्याचा पोचतो त्या माईकवर बाई क्वचितच असते.

तर मग हळदीचा माईक 'लोकांचा' आहे का? पूर्ण नाही. तो सुपारी देणाऱ्याचा आहे. गायक यजमानाचं नाव घेतो, नवरदेवाच्या गाडीचं, सोन्याचं, भाऊंचं, दादांचं कौतुक गातो. ड्यूक रीडच्या अंगणातही मालकाची स्तुती व्हायचीच. म्हणून गल्लीतला माईक शुद्ध आणि टीव्हीवरचा भ्रष्ट, असं साधं गणित मी मांडत नाही. हळदीच्या माईकचं एकच मोठेपण आहे : समोर माणसं असतात, ती एकमेकांना ओळखतात, आणि गाणाऱ्यालाही ओळखतात. तिथे खोटा संघर्ष सांगता येत नाही, कारण त्याचा बाप कोण हे सगळ्या गावाला माहीत असतं.

आणि या गावांकडे सांगण्यासारखं किती आहे! १९७० मध्ये सिडको आली, शेतं गेली. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच माणसं गेली. दि. बा. पाटलांच्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क आला. मग विमानतळ. त्यासाठी दहा गावं उठली, उलवे टेकडी सपाट झाली, नदीची वाट बदलली. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. २०२१ च्या नामकरण आंदोलनात दि. बां.वर आगरी गाणी निघाली, ती मोर्च्यांत वाजली आणि हळदीतही शिरली. त्यांतली बरीचशी गौरवगीतं आहेत. गौरव समजण्यासारखा आहे. पण उठलेल्या गावातल्या माणसाने आपल्याच गावाला विचारलेले प्रश्न अजून गाण्यात फारसे आलेले नाहीत. जमिनीचे पैसे कुठे गेले, कुणाच्या हिश्शाला काय आलं, बहिणींच्या सह्या कशा घेतल्या, खाडी बंद झाल्यावर मासेमारी करणाऱ्याने काय करायचं. हे विचारायला आगरी बोली आहे, ओळखीच्या चाली आहेत, स्पीकर आहेत, गर्दीसमोर तयार झालेले गळे आहेत.

रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, असा २००० सालापासूनचा नियम आहे. पावणेदहाला पार्टीचा मालक 'आता शेवटचं' म्हणतो. यजमानाची फर्माईश बहुतेक वाजून झालेली असते. पोलिसांची गाडी अजून आलेली नसते. माईकवर ताशातून वर आलेला एखादा वीस वर्षांचा पोरगा असतो आणि समोर त्याला लहानपणापासून ओळखणारी दोनशे माणसं. परीक्षक नाही, फीड नाही, आणि दहा-पंधरा मिनिटं सुपारीचाही दाब नाही.

पुढच्या वेळी फोनवर एखादा रॅप लावाल तेव्हा एक साधी मोजणी करा. त्यात 'मी' किती वेळा येतो ते सोडा, 'तू' कोण आहे ते बघा. जळणारा शत्रू आहे, परीक्षक आहे, की शेजारच्या घरातला माणूस? ज्या गाण्यातला 'तू' मला माझ्या गल्लीत दाखवता येईल, त्याच गाण्याला मी गल्लीचं म्हणेन. मग ते स्टुडिओत झालं असो, आरेत, नाहीतर उलव्याच्या मांडवात.